आपल्या मंडळीचा इतिहास कसा लिहावा: पुण्यातल्या प्रेसबिटेरियन परंपरेच्या मंडळ्यांसाठी

शताब्दी जवळ आली किंवा चर्चच्या दुरुस्तीनंतर समर्पणाची उपासना ठरली, की कमिटीच्या बैठकीत कोणीतरी म्हणतं, "एक स्मरणिका काढूया." मग दीड महिन्यात पानं जमतात. मान्यवरांचे संदेश येतात, पाळकांची यादी येते, जाहिराती येतात, आणि इतिहासाच्या नावाखाली मागच्या स्मरणिकेतला मजकूर पुन्हा छापला जातो. त्यातल्या चुकाही तशाच पुढे जातात. अशा दोन स्मरणिकांसाठी मी राबलो आहे. तिसऱ्या खेपेला आम्ही चौघांनी ठरवलं, की घाई नको, कपाटातली दप्तरं नीट वाचायची आणि मगच लिहायचं. त्याला तीन वर्षं लागली. त्या कामातून जी रीत बसली ती इथे देतो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत: चर्च आणि मंडळी. चर्च म्हणजे वास्तू, मंडळी म्हणजे माणसं. बहुतेक स्मरणिका चर्चचा इतिहास लिहितात: कोनशिला, घंटा, कौलांच्या जागी पत्रे, मग स्लॅब. फार तर त्याला मिशनरी साहेब आणि पाळकांची नावं जोडतात. 'प्रेसबिटेरियन' या शब्दाच्या मुळाशी मात्र ग्रीक भाषेतला 'वडील' हा शब्द आहे. मंडळीने निवडलेले वडील पाळकांसोबत बसून कारभार बघतात, ही या परंपरेची ओळख. तेव्हा अशा मंडळीचा इतिहास वडिलांच्या सभेच्या वहीत आणि सभासदांच्या नोंदवहीत सापडतो. त्या वह्यांत ज्यांची नावं नाहीत, त्यांना शोधायला आणखी कष्ट पडतात.

परवानगी आणि माणसं

पाळकसाहेबांना आणि पास्टरेट कमिटीला, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीला, लेखी अर्ज द्या. तोंडी "हो, करा की" यावर काम सुरू करू नका, कारण दोन वर्षांत पाळकांची बदली होते आणि नव्या पाळकांना कपाटाची किल्ली तुमच्या हाती का आहे हे ठाऊक नसतं. अर्जात तीन गोष्टी मागा: दप्तर चर्चच्या आवारातच वाचण्याची परवानगी, फोटो काढण्याची परवानगी, आणि लिहिलेला मजकूर छापण्याआधी कोण वाचणार याचा निर्णय. तो ठराव कार्यवृत्तात नोंदवून घ्या.

गट चार-पाच जणांचा पुरे. जुनं वळणदार इंग्रजी हस्ताक्षर वाचणारं एक माणूस हवं. आमच्याकडे हे काम निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी केलं. फोटो आणि फायली सांभाळणारा एक तरुण हवा. आणि मंडळीतल्या प्रत्येक घरात ज्यांना चहा मिळतो असं एक माणूस तर हवंच.

नावांची साखळी आधी बसवा

पुण्यातली एखादी मराठी मंडळी दीडशे वर्षं त्याच बाकांवर बसत आली असेल, पण तिच्या पत्रांवरचं नाव पाच-सहा वेळा बदललेलं असतं. हे बदल माहीत नसले, तर बाहेरच्या दप्तरात तुमची मंडळी सापडतच नाही, कारण तुम्ही चुकीच्या नावाने शोधत असता. म्हणून एका मोठ्या कागदावर ही साखळी लिहून भिंतीला लावा.

स्कॉटिश मिशनरी सोसायटीचं काम १८२३ मध्ये कोकणात, बाणकोट-हर्णै भागात सुरू झालं आणि पुढच्या दशकात पुण्याला आलं. १८३५ मध्ये हे मिशन चर्च ऑफ स्कॉटलंडकडे गेलं. १८४३ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंड ही संस्थाच दुभंगली आणि इथले मिशनरी नव्या फ्री चर्चच्या बाजूने उभे राहिले. त्यामुळे १८४३ नंतरचे पुण्याचे अहवाल फ्री चर्चच्या दप्तरात शोधावे लागतात. १९०० मध्ये तेच युनायटेड फ्री चर्च झालं, आणि १९२९ मध्ये त्याचा मोठा भाग पुन्हा चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये मिळाला. इकडे भारतात १९०४ साली प्रेसबिटेरियन चर्च इन इंडिया स्थापन झालं. १९२४ मध्ये काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक मंडळी आपला कारभार स्वतः बघते अशा परंपरेच्या, मंडळ्यांबरोबर युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं. आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे आपलं सीएनआय, अस्तित्वात आलं. तेव्हा अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट असे बाकीचेही सोबत आले, आणि वडिलांच्या कारभाराला सवयलेल्या मंडळ्यांवर बिशप आले. हा बदल तुमच्या मंडळीने कसा स्वीकारला, हा एका अख्ख्या प्रकरणाचा विषय आहे. त्या वर्षांचं कार्यवृत्त ओळ न ओळ वाचा.

दक्षिण महाराष्ट्रातून पुण्यात आलेली कुटुंबं मंडळीत असतील, तर त्यांची मुळं वेगळ्या प्रेसबिटेरियन धाग्यात आहेत. कोल्हापूरचं मिशन रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याने १८५२ मध्ये सुरू केलं आणि १८७० मध्ये ते अमेरिकन प्रेसबिटेरियन बोर्डाकडे गेलं. मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल याच धाग्यातलं. नगरकडून आलेली कुटुंबं मात्र बहुधा अमेरिकन मराठी मिशनची, म्हणजे काँग्रिगेशनल परंपरेची. पुण्यातल्या एकाच बाकावर हे तिन्ही धागे शेजारी बसलेले असतात, आणि नोंदवहीतली 'कोठून आले' ही माहिती त्यामुळेच सोन्याच्या मोलाची ठरते.

नावांचा आणखी एक सापळा आहे. या मिशनच्या सुरुवातीच्या काळात मिचेल आडनावाचे एकाहून अधिक मिशनरी होते. कोकणात आलेले डोनाल्ड मिचेल १८२३ मध्येच वारले. पुण्यात दीर्घकाळ राहिले ते जेम्स मिचेल. मुंबईत मोठं काम केलेले जॉन मरे मिचेल तिसरे. कागदावर नुसतं 'मिचेलसाहेब' दिसलं, तर वर्ष बघितल्याशिवाय पहिलं नाव लावू नका.

स्थापनेचं वर्ष: इथे घाई करू नका

आमच्या जुन्या स्मरणिकेत स्थापनेचं जे वर्ष छापलं होतं, ते भिंतीतल्या कोनशिलेवरून घेतलेलं निघालं. प्रत्यक्षात नोंदवहीतला पहिला बाप्तिस्मा त्याच्या कितीतरी आधीचा होता. म्हणजे चर्चची इमारत उभी राहण्याआधी मंडळी होतीच. ती शाळेच्या खोलीत, कोणाच्या तरी ओसरीवर जमत होती. एवढी वर्षं आम्ही चुकीच्या साली वाढदिवस करत होतो.

'स्थापना' म्हणून पाच वेगवेगळ्या तारखा समोर येऊ शकतात: पहिली मराठी उपासना, पहिला बाप्तिस्मा, पहिल्या वडिलांची दीक्षा, पहिल्या देशी पाळकांची नेमणूक आणि इमारतीचं समर्पण. प्रेसबिटेरियन रिवाजाप्रमाणे वडील निवडून त्यांची दीक्षा झाली आणि सेशन (पाळक आणि वडिलांची सभा) बसलं, म्हणजे मंडळी रीतसर उभी राहिली असं मानतात. तुम्ही कोणतीही तारीख धरा, पण पाचही शोधा, पाचही छापा, आणि कोणती व का धरली ते दोन ओळींत सांगा. वर्ष बदलावं लागलं तर वार्षिक सभेत आधी मांडा. ज्येष्ठांना हे एकदम छापील वाचायला मिळालं तर मन दुखतं, आणि ते स्वाभाविक आहे.

कपाट उघडताना

पहिल्या दिवशी काही वाचू नका. फक्त यादी करा. कोणती वही, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, पानं किती, अवस्था कशी, कोणत्या फळीवर. कपाटात जो क्रम आहे तो मोडू नका. एखादी पावती बाप्तिस्म्याच्या वहीत ठेवलेली असेल, तर ती तिथे कोणीतरी काही कारणाने ठेवली आहे.

हात धुऊन कोरडे करा. वहीजवळ पेन नको, शिसपेन्सिल ठेवा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. हे मी कळकळीने सांगतो, कारण पूर्वी कोणीतरी प्रेमाने लावलेल्या पट्ट्यांखाली आमच्या विवाहाच्या वहीची सहा पानं पिवळी पडून अक्षरं उडाली आहेत. लॅमिनेशन तर मुळीच नको. कसर लागली असेल तर वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा, पानांत नको. फोटो सकाळच्या उजेडात खिडकीजवळ काढा, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल वहीच्या बरोबर वर धरून. फाइलला लगेच नाव द्या: वहीचं नाव, वर्ष, पान. हजारभर फोटो 'नंतर नाव देऊ' म्हणून साठले की ते काम कधीच होत नाही. सगळं तीन ठिकाणी साठवा, आणि त्यातलं एक ठिकाण चर्चच्या बाहेरचं असू द्या.

बाहेरचं का, ते पुण्यात कोणाला समजवावं लागू नये. १२ जुलै १९६१ ला पानशेत आणि खडकवासला धरणं फुटली आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. आमच्या एका जाडजूड वहीच्या खालच्या कडेला अजून बोटभर उंचीची तपकिरी रेघ आहे. पानं सुकल्यावर ती तशीच राहिली. बोट फिरवलं तर बारीक रेती लागते. त्या रेघेच्या वरचं सगळं वाचता येतं, खालच्या दोन ओळी प्रत्येक पानावर गेल्या आहेत. ज्या फळीवर ती वही होती तिच्या खालच्या फळीवर काय होतं, हे आता कळायला मार्ग नाही.

नोंदवह्या कशा वाचायच्या

बाप्तिस्म्याच्या वहीत बालकांचे आणि प्रौढांचे बाप्तिस्मे वेगळे मोजा. या परंपरेत बालकांचा बाप्तिस्मा होतो. प्रौढांची संख्या जास्त असलेली वर्षं म्हणजे नवी कुटुंबं मंडळीत येण्याची वर्षं. त्यांच्या आजूबाजूला काय घडत होतं ते बघा: १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, १८९७ ची प्लेगची साथ, १९१८ चा इन्फ्लुएंझा. एखाद्या महिन्यात दफनाच्या वहीत पाळकांचं अक्षर एकदम घाईचं होतं, एका पानावर रोजची नोंद दिसते. तिथे थांबा. ते पान हाच त्या महिन्याचा इतिहास आहे.

विवाहाच्या वहीतून सर्वांत जास्त माहिती मिळते. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने ठरवलेल्या नमुन्यात वधूवरांचं वय, आधीची वैवाहिक स्थिती, धंदा, राहण्याचं ठिकाण आणि वडिलांचं नाव असतं, खाली साक्षीदारांच्या सह्या. धंद्याचा रकाना वर्षानुक्रमे वेगळा उतरवून काढा. शिक्षक, कंपाउंडर, नर्स, बटलर, रेल्वे, दारूगोळा कारखाना, मग बँक आणि टेल्को. शंभर वर्षांत मंडळी कुठून कुठे गेली, हे त्या एका रकान्यात दिसतं. साक्षीदार सही करतात की अंगठा उठवतात तेही बघा, आणि बायकांच्या सह्या कोणत्या वर्षापासून दिसू लागतात ते आवर्जून नोंदवा.

सर्वांत काळजीपूर्वक वाचायची ती सेशनच्या कार्यवृत्ताची वही. प्रत्येक सभा प्रार्थनेने सुरू होते आणि प्रार्थनेने संपते, म्हणून सुरुवातीला सगळ्या नोंदी सारख्या वाटतात. दहा-बारा सभा वाचल्यावर आवाज वेगळे ऐकू येऊ लागतात. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीला, कोणाला घ्यायचं, कोणाला काही काळ थांबवायचं, कोणाचं बदलीपत्र आलं, गरिबांच्या निधीतून कोणाला किती द्यायचे, दिवा-तेलाचा खर्च कोणी करायचा. स्कॉटिश रिवाजाप्रमाणे सेशनची वही ठरावीक काळाने प्रेसबिटरीकडून, म्हणजे त्या भागातल्या मंडळ्यांच्या वरच्या सभेकडून, तपासून घेतली जाते. अशी तपासणीची सही तुमच्या वहीत सापडली, तर त्या तारखेवरून गहाळ पानांचा अंदाज लागतो आणि प्रेसबिटरीच्या दप्तरात कुठे शोधायचं तेही कळतं.

हिशेबाच्या वह्या लोक टाकून देतात. त्या टाकू नका. १ एप्रिल १९५७ च्या आधीचे आकडे रुपये-आणे-पै असे असतात. ३-८-० म्हणजे तीन रुपये आठ आणे, साडेतीन रुपये. कार्यवृत्तात ज्या माणसांचं नाव कधीच येत नाही, ती हिशेबात भेटतात: घंटा वाजवणारा, झाडलोट करणारी, पाणी भरणारा. आणि बायबल स्त्रिया. पेठांतल्या वाड्यावाड्यांत जाऊन बायकांना वाचायला शिकवणाऱ्या, आजाऱ्यांजवळ बसणाऱ्या या बाया मिशनच्या अहवालात बहुतेक वेळा नुसत्या संख्येने येतात. आमच्या पगारपत्रकात एका बाईंचं पहिलं नाव ओळीने एकवीस वर्षं सापडलं. बाप्तिस्म्याच्या वहीत त्याच नावाच्या बाईंपुढे पतीच्या रकान्यात एक आडवी रेघ आहे, बाकी काही नाही. त्या दोन वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा, आमच्या मंडळीत सर्वांत जास्त काळ सेवा केलेली व्यक्ती कोणी पाळक नसून त्या बाई होत्या हे आम्हाला कळलं. पाळकांच्या यादीत त्यांना जागा नव्हती. आम्ही त्यांच्यासाठी वेगळं प्रकरण केलं.

एखादा कागद मोडीत निघाला तर घाबरू नका. सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी जाणणारी माणसं भेटतात. कागद नेऊ नका, फोटो न्या.

चर्चच्या बाहेरची दप्तरं

जागेसाठी तीन दारं. शहरातली जागा असेल तर नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक. कॅन्टोन्मेंटमधली असेल तर तिथलं जनरल लँड रजिस्टर. आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. तिथल्या परिशिष्टाची नक्कल अर्ज करून मिळते. जागा स्थानिक मंडळीच्या नावावर नसून मोठ्या ट्रस्ट असोसिएशनच्या नावावर असते, हे बऱ्याच जणांना तिथे पहिल्यांदा कळतं. मालमत्तेचा वाद चालू असेल तर कागदाचा आशय तेवढा लिहा, निष्कर्ष लिहू नका. इतिहासाचं पुस्तक कोर्टात कोणाच्या तरी बाजूने उभं राहिलं, की मंडळीतली निम्मी माणसं ते घरात ठेवत नाहीत.

मजकुरासाठी 'ज्ञानोदय' पाहायलाच हवं. १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेलं हे नियतकालिक नगरच्या अमेरिकन मिशनचं असलं, तरी पाळकांच्या दीक्षा, मृत्युलेख, परिषदा, मंडळ्यांच्या बातम्या त्यात सगळीकडच्या येतात. बिबवेवाडीतल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीच्या ग्रंथालयातही चौकशी करा. मिशनची पत्रं आणि कागद एडिंबराच्या नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडमध्ये आहेत. कोल्हापूरच्या धाग्याचे फिलाडेल्फियाच्या प्रेसबिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत. ईमेल करताना नेमकं विचारा: मिशनचं त्या काळचं नाव, वर्षं, आणि 'पूना' हे जुनं नाव. नुसतं 'पुणे' लिहून शोधलं तर जुन्या इंग्रजी याद्यांत काहीच लागत नाही. खडकीसाठी 'किर्की' शोधा. छापील वार्षिक अहवाल बरेच इंटरनेट आर्काइव्हवर घरबसल्या वाचता येतात.

हे अहवाल वाचताना ते कोणासाठी लिहिले होते हे विसरू नका. दूर स्कॉटलंडमध्ये देणगी देणाऱ्या माणसांना काम दिसावं म्हणून ते लिहिलेले असत. त्यात साहेबांचा दौरा सविस्तर येतो आणि बरोबर चाललेल्या देशी उपदेशकाचं नाव येत नाही. त्या तारखेला पगारपत्रकात कोण होतं ते बघा आणि नाव भरा.

पुण्याच्या इतिहासातली मोठी नावंही याच वाटेवर भेटतात. जोतीराव फुले १८४१ ते १८४७ या काळात पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. मराठीतली पहिली कादंबरी लिहिणारे बाबा पदमनजी पुण्यात फ्री चर्चचे पाळक होते. संतांच्या अभंगांचे इंग्रजी अनुवाद करणारे निकोल मॅक्निकल याच मिशनचे. त्यांच्याबद्दल अवश्य लिहा, पण तुमच्या मंडळीशी नातं कागदावर दिसेल तेवढंच. फुले त्या शाळेत शिकले, ख्रिस्ती झाले नाहीत. शाळेच्या प्रकरणात त्यांचा उल्लेख योग्य, मंडळीच्या प्रकरणात नाही.

ज्येष्ठांशी बोलताना

हे काम वह्यांआधी सुरू करा, कारण वह्या थांबतात, माणसं थांबत नाहीत. "आजी, जुन्या आठवणी सांगा ना," असं विचारलं की आजी म्हणतात, "काय सांगायचं बाई, सगळं चांगलं होतं." त्याऐवजी एक जुना फोटो हातात द्या, किंवा छोटा प्रश्न विचारा. नाताळला करंज्या करायला कोणाच्या घरी जमायचात? गाणी घेऊन घरोघरी फिरताना कंदील कोण धरायचं? पेटी कोण वाजवायचं, तबला कुठून आणायचा? बायका कोणत्या बाजूला बसायच्या? प्रभुभोजनाचा प्याला एकच होता की लहान लहान? आमच्या एका आजींनी या शेवटच्या प्रश्नावर अर्धा तास सांगितलं. एका प्याल्यातून सगळ्या जातींतून आलेल्या माणसांनी पिणं त्यांच्या सासूबाईंना किती जड गेलं, आणि मग एके रविवारी त्या उठून कशा पुढे गेल्या, हे कुठल्याही कार्यवृत्तात नाही.

रेकॉर्डिंगची परवानगी आधी घ्या, आणि एका वेळी तासाभराहून जास्त बसू नका. दुसऱ्यांदा जा. दुसऱ्या भेटीत ट्रंक उघडते, आणि बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाचा फोटो, रेव्हरंड ना. वा. टिळकांची गाणी हाताने उतरवलेली वही बाहेर येते.

आठवण आणि तारीख जुळवून बघा. आम्हाला तिघांनी सांगितलं, की पानशेतचं पाणी आलं तेव्हा मंडळी उपासनेत होती. पण तो दिवस बुधवार होता. आम्ही पुन्हा गेलो, हलकेच विचारलं. तेव्हा उलगडलं, की त्यांना आठवत होता तो पुढचा रविवार: चिखल उपसून, बाकं उन्हात टाकून, मंडळीने उघड्यावर केलेली उपासना. आठवण खरी होती, दिवस सरकला होता. पुस्तकात आम्ही दोन्ही गोष्टी लिहिल्या.

दगड आणि वस्तू

दफनभूमीत संध्याकाळी जा. तिरप्या उजेडात झिजलेली अक्षरं उठून दिसतात. नाहीतर टॉर्च बाजूने धरा. खडू घासू नका, तारेचा ब्रश नको, ॲसिड तर नकोच. पाण्याचा हलका फवारा पुरतो. सोलापूर रस्त्यावरच्या सेंट सेपल्कर दफनभूमीसारख्या मोठ्या ठिकाणी आधी रक्षकाला भेटा, तो ओळी ओळखतो. घंटेवरचा मजकूर, प्रभुभोजनाच्या भांड्यांखालची कोरलेली नावं, बाकांच्या पाठीवरच्या पट्ट्या, पुलपिटवरच्या (उपदेशाच्या व्यासपीठावरच्या) बायबलचं पहिलं पान, एवढं सगळं फोटोसह उतरवून घ्या.

काय छापायचं, काय नाही

सेशनच्या वहीत शिस्तभंगाच्या नोंदी असतात: दारू, भांडण, घर मोडणं, अनैतिक संबंधांचे आरोप. त्यांची नातवंडं आज तुमच्या शेजारी बसतात. आम्ही असा नियम केला, की शिस्तीची पद्धत सविस्तर लिहायची, माणसांची नावं नाही.

जुन्या नोंदींत पूर्वीच्या जातीचा रकाना असतो. तो अभ्यासासाठी महत्त्वाचा आहे, तो लपवून मंडळीचा इतिहास खरा होणार नाही. कोणकोणत्या समाजांतून माणसं आली, एकत्र बसताना काय अडचणी आल्या, लग्नं जुळवताना जुन्या रेषा कशा टिकल्या, हे लिहायलाच हवं. पण एका विशिष्ट घराण्याची जात छापायची असेल तर त्या घराला विचारा. काही जण अभिमानाने हो म्हणतात. काही जण नको म्हणतात, आणि त्याला शिक्षण-नोकरीपर्यंतची कारणं असतात. त्यांना कारण विचारू नका.

फुटीचं काय? बहुतेक मंडळ्यांत एखादी फूट झालेली असते, काही कुटुंबं बाहेर पडून दुसरीकडे उपासना करू लागलेली असतात. ती गाळू नका. बाहेर गेलेल्यांकडे जाऊन त्यांचीही बाजू ऐका आणि दोन्ही बाजू त्यांच्या त्यांच्या शब्दांत द्या. आम्ही गेलो तेव्हा चाळीस वर्षांनी पहिल्यांदाच त्या घरात आमच्या मंडळीचं कोणी चहाला बसलं होतं.

लिहिणं आणि छापणं

प्रकरणं पाळकांच्या कारकिर्दीवर पाडू नका. मंडळीच्या आयुष्यात जिथे वळण आलं तिथे पाडा: इमारतीआधीची मंडळी, शाळा आणि वस्ती, पहिले देशी पाळक, स्वावलंबनाची धडपड, पूर, १९७०, उपनगरांत पांगलेली कुटुंबं. पाळकांची यादी शेवटी तक्त्यात द्या. प्रत्येक विधान कोणत्या वहीच्या कोणत्या पानावरून घेतलं ते कच्च्या मसुद्यात समासात लिहीत जा, नंतर आठवत नाही. वाक्य साधं ठेवा. 'थोर', 'गौरवशाली', 'अविस्मरणीय' हे शब्द आम्ही शेवटच्या वाचनात काढून टाकले आणि पुस्तक वाचनीय झालं.

मसुदा दोन ज्येष्ठांना आणि दोन तरुणांना वाचायला द्या. नावांचं शुद्धलेखन त्या त्या घरातून तपासून घ्या. या एका कामाला आम्हाला दोन महिने लागले. छपाईसाठी फोटो मूळ आकारातच द्या, मोबाइलवरून पाठवताना दाबले गेलेले चालत नाहीत. प्रती छापल्यावर एकेक प्रत शहरातल्या दोन-तीन ग्रंथालयांना, डायोसिसच्या, म्हणजे बिशपच्या विभागाच्या, कार्यालयाला आणि ज्या परदेशी दप्तरखान्याने मदत केली त्याला पाठवा.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक तक्ता असू द्या: कपाटात कोणत्या वह्या आहेत, कोणती गहाळ आहे, फोटोंच्या प्रती कुठे ठेवल्या आहेत. किल्ली पाळकसाहेबांकडे एक आणि चिटणिसांकडे एक. दर वर्षी वार्षिक सभेच्या आधी दोघांनी मिळून कपाट उघडायचं, तक्त्याशी वह्या ताडून बघायच्या आणि सही करायची.